मेडिचींच्या मांडवात: फ्लॉरेन्समधली एक ऑक्टोबरवारी

मंगळवार

पोन्ते वेक्किओ या पुलावर सोनारांच्या दुकानांपुढे पाय ठेवायला जागा नसते. शेजारच्या पोन्ते सांता त्रिनितावर मात्र कठड्याला टेकून निवांत उभं राहता येतं. खोलीवर सामान टाकून आम्ही थेट तिथे गेलो. डेव्हिडच्या पुतळ्यासाठी रांगा लागल्या होत्या, पण मामांना त्यात रस नव्हता. "ते समद्यांनी बघितलंय. तू कागद काढ."

मामा कोल्हापूरचे. आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवली, आता निवृत्त आहेत. कागद म्हणजे मी छापून आणलेली फाइल. त्यात सतराव्या शतकातली एचिंग्ज होती: फ्लॉरेन्सवर राज्य करणाऱ्या मेडिची ड्यूकांच्या दरबाराच्या लग्नांची, कार्निव्हलची, नाटकांची आणि लुटूपुटूच्या लढायांची. त्या काळी ड्यूकच्या घरी लग्न निघालं की अर्ध्या शहराचा रंगमंच व्हायचा. लाकूड, कापड आणि कागदाच्या लगद्याचे डोंगर उभे राहायचे, त्यांतून देव बाहेर पडायचे, नदीवर जहाजं लढायची आणि उत्सव संपला की सगळं मोडीत जायचं. मागे उरायची ती तांब्याच्या पत्र्यावरून छापलेली चित्रं. आमचा बेत एवढाच होता की ज्या जागेचं चित्र, त्या जागी ते हातात धरून उभं राहायचं.

सुरुवात 'पंख्या'पासून केली. त्याचा चित्रकार झाक कालो हा फ्रान्सच्या सीमेवरच्या लोरेन प्रांतातल्या नान्सीचा, जन्म १५९२चा. विशीत फ्लॉरेन्सला आला आणि मेडिची ड्यूक दुसऱ्या कोसिमोच्या पदरी राहिला. २५ जुलै १६१९ रोजी आर्नो नदीवर विणकरांचा राजा आणि रंगाऱ्यांचा राजा यांच्यात खोटी लढाई झाली. तिचं एचिंग कालोने हातपंख्याच्या आकाराच्या चौकटीत बसवलं. पात्रात होड्या आणि धूर, दोन्ही काठांवर मुंग्यांएवढी माणसं. गंमत चौकटीची आहे. तिच्या वेलबुट्टीवरच काही माणसं चढून बसलीत आणि आपल्यासारखीच लढाई बघतायत. चित्राची चौकट ही त्यांची गॅलरी.

मामांनी कागद नदीसमोर धरला. चित्रात आर्नो खाडीएवढी वाटते. प्रत्यक्षात या काठावरून खणखणीत हाक मारली तर पलीकडे ऐकू जावी. "लई ताणलंय की," मामा म्हणाले. हे वाक्य पुढे रोज ऐकायला मिळालं.

या पुलाच्या चार कोपऱ्यांवर चार ऋतूंचे पुतळे आहेत. तेही उत्सवाचीच मिळकत. १६०८ साली याच कोसिमोचं ऑस्ट्रियाच्या मारिया माग्दालेनाशी लग्न झालं, तेव्हा ते बसवले. त्याच लग्नात या पुलाच्या खालच्या अंगाला नदीत ग्रीक पुराणातल्या आर्गोनॉट वीरांची सोनेरी लोकर पळवण्याची मोहीम खेळली गेली. ऑगस्ट १९४४मध्ये माघार घेणाऱ्या जर्मनांनी पूल उडवला. पुढे नदीतले दगड काढून तो होता तसा उभा केला. वसंत ऋतूचं डोकं मात्र १९६१पर्यंत पाण्यातच होतं.

बुधवार

उफित्सी या संग्रहालयाच्या चित्र-छाप संग्रहाकडे बरंच आधी पत्र पाठवून वेळ मागितली होती. शाईचं पेन बाहेर, पिशव्या बाहेर, आत फक्त पेन्सिल. मामांचं भिंग एका बाईंनी उलटसुलट करून बघितलं आणि हसून परत दिलं.

पाकिटातून आलेलं पहिलंच पान बघून मी मामांचा हात धरला. १६१७च्या फेब्रुवारीत मांटुआच्या फेर्दिनांदो गोन्झागाचं कोसिमोच्या बहिणीशी, कातेरिनाशी, लग्न झालं. त्या वेळच्या नाटकाचा हा पहिला मध्यांतर-प्रवेश. मध्यांतर म्हणजे चहाची सुट्टी नव्हे. अंकांमध्ये गाणं, नाच आणि यंत्रांच्या करामती चालायच्या आणि लोक मूळ नाटकापेक्षा त्यासाठीच यायचे. रंगमंचावर इस्किया बेटाचा डोंगर आहे, त्याखाली तिफेओ नावाचा राक्षस चिरडलेला. रंगमंचावरून दोन बाजूंनी उतार थेट सभागृहात उतरतात आणि नाचणारे त्यावरून प्रेक्षकांच्या मधोमध येतात. नेपथ्य जुलिओ पारिजीचं. दरबारातल्या असल्या सगळ्या कारभाराचा मुख्य तोच, आणि कालो त्याच्याच हाताखाली तयार झाला.

हात धरण्याचं कारण वेगळं होतं. चित्रातलं ते नाट्यगृह म्हणजे आम्ही बसलो होतो तीच जागा. वास्तुकार बुओन्तालेन्तीने १५८६मध्ये उफित्सीच्या इमारतीत मेडिचींसाठी नाट्यगृह बांधलं. १८६५ ते १८७१ फ्लॉरेन्स इटलीची राजधानी होतं तेव्हा तिथे सिनेट भरायची. त्यानंतर त्या उंच दालनाचे आडवे दोन भाग केले. खालच्या भागात आता हा कागदांचा संग्रह आहे आणि वरच्यात चित्रकार बोत्तिचेल्लीची दालनं. म्हणजे त्याच्या व्हीनसच्या पुढे मोबाइल उंचावून उभी असलेली माणसं नाट्यगृहाच्या आढ्याजवळ तरंगतायत, आणि आम्ही इस्कियाच्या पायथ्याशी.

मामांना अशा योगायोगांचं फार वाटत नाही. ते भिंग घेऊन प्रेक्षकांत शिरले होते. "राजा कुठाय यात?"

आम्ही शोधला. बाजूच्या पायऱ्यांवर दाटीवाटीने बसलेले लोक होते, पुढच्या कडेला आपल्याकडे पाठ करून उभे असलेले टोपीवाले होते, त्यांच्या तलवारींची टोकं होती. नाचणारी जोडपीही होती. राजा काही ओळखू येईना. असं नेपथ्य राजाच्या आसनावरून बघितलं तरच बरोबर जुळतं, बाकीच्यांना ते थोडंफार तिरकं दिसतं. आणि हा दरबाराचा नोकर आपल्याला उभं करतो ते पाठमोऱ्या लोकांच्या मागे, टाचा उंचावून बघायला. माझ्या मते कालोची खरी हुशारी इथे आहे. उत्सवाचा मालक कोण ते चित्राखालच्या मजकुरात ठळक छापलंय. चित्रात मालक प्रेक्षक आहेत.

त्या मजकुरात साल १६१६ आहे, १६१७ नाही. फ्लॉरेन्सचं नवं वर्ष तेव्हा २५ मार्चला सुरू व्हायचं, त्यामुळे फेब्रुवारी जुन्या वर्षातच मोडायचा. "आपला पाडवा काय वेगळा आहे?" मामा म्हणाले, आणि विषय संपला.

दुसऱ्या प्रवेशाच्या चित्रात नरकातली फौज शस्त्रं घेऊन निघते. तिसऱ्यात मदन आपल्या सगळ्या दरबारासकट येऊन लढाई थांबवतो. ते भराभर बघितले, कारण वेळ संपत आली होती आणि मामा अजून पहिल्याच चित्रात होते.

गुरुवार

पियाझ्झा सांता क्रोचे. चर्चचं पांढरं-हिरवं संगमरवरी तोंड पाहून जुन्या चित्राशी मेळ घालायचा प्रयत्न करू नये. ते तोंड १८६३चं आहे. कालोच्या काळी तिथे नुसत्या विटा-दगडांची उघडी भिंत होती. चौकात दरवर्षी जूनमध्ये माती पसरून जुना फुटबॉल खेळतात. आम्ही गेलो तेव्हा मात्र पर्यटक आणि कबुतरंच होती.

१६१६च्या कार्निव्हलमध्ये इथे 'गुएर्रा दामोरे' झालं, म्हणजे प्रेमाचं युद्ध. चौकात लाकडी पायऱ्यांचं लंबगोल रिंगण उभारलं होतं. आशिया आणि आफ्रिकेचे रथ आले, घोडेस्वार आले, पायदळ नाचलं. कालोच्या चित्रांमध्ये सैनिकांच्या रचना आकाशातून बघितल्यासारख्या दिसतात, रांगोळीचे ठिपके मांडावेत तशा.

आणि गोष्ट कोणाची होती? हिंदुस्थानच्या राणीची! तिचं नाव लुचिंदा. तिच्यासाठी दोन राजे भांडतात: नार्सिंगाचा इंदामोरो आणि मेलिंदाचा ग्रादामेतो. मेलिंदा म्हणजे आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचं मालिंदी. नार्सिंगा म्हणजे पोर्तुगीज ज्याला त्या नावाने ओळखत ते विजयनगर. हे वाचून मी चौकातल्या बाकावर बसून जोरात हसले. १५६५मध्ये अहमदनगर, विजापूर, गोवळकोंडा आणि बिदरच्या सुलतानांनी मिळून विजयनगरचं काय केलं ते आपल्याकडे शाळेत शिकवतात. राजधानी ओस पडून पन्नास वर्षं झाली होती, उरलेलं राज्य दक्षिणेकडे सरकून आपसातल्या भांडणांनी कुरतडलं जात होतं. आणि इकडे फ्लॉरेन्समध्ये नार्सिंगाचा राजा पिसांचा तुरा लावून, शिंगं-नगाऱ्यांच्या गजरात रिंगणात उतरत होता. मसाल्यांच्या आणि जवाहिरांच्या व्यापारातून आलेली नावं इथे सोंगांच्या कामी आली होती. खऱ्या नार्सिंगात कोण गादीवर आहे याच्याशी त्या रिंगणात कुणाला देणंघेणं असेल असं वाटत नाही.

मामा बराच वेळ चित्र आणि चौक आलटून पालटून बघत होते. चित्रातलं रिंगण मैदानाएवढं, चौक त्या मानाने आटोपशीर. "चूक नाही ही," ते अचानक शिक्षकी आवाजात म्हणाले. "पुढची माणसं मोठी काढायची, मधलं काहीच नाही, एकदम मागची बारीक. डोळा मधलं अंतर आपणच भरून घेतो."

ताणण्याचं कारणही होतं. ही चित्रं नुसती आठवण म्हणून काढलेली नव्हती. उत्सवाच्या वर्णनाच्या पुस्तिकांबरोबर ती छापली जायची आणि परगावच्या दरबारांत पोहोचायची. जे आले नाहीत त्यांना कळायला हवं होतं की काय हुकलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात ऊर्बिनोचा राजपुत्र पाहुणा आला, तेव्हा याच चौकात 'गुएर्रा दि बेल्लेत्सा', म्हणजे सौंदर्याचं युद्ध झालं. त्याचीही चित्रं कालोचीच.

संध्याकाळी बीन्सचं घट्ट सूप, त्यात शिळा पाव. मामांना फार आवडलं. मला नाही.

शुक्रवार

सान निकोलो भागातल्या एका छापखान्यात सकाळ गेली. काम करणारी मुलगी मितभाषी होती, पण मामांनी तांब्याचा पत्रा ज्या तऱ्हेने हातात धरला ते पाहून तिने खुर्ची ओढली. पत्र्यावर आम्लाला दाद न देणारा थर द्यायचा, सुईने त्यावर रेघा ओढून तांबं उघडं करायचं, मग पत्रा आम्लात सोडायचा. रेघेपुरतं तांबं खाल्लं जातं. त्या खाचेत शाई भरायची, वरची पुसून टाकायची आणि ओला कागद ठेवून दाबयंत्रातून काढायचा.

कालोच्या आधी हा थर मेणाचा असायचा. मऊ असल्याने त्याचे टवके निघायचे, टवक्यातून आम्ल आत शिरायचं आणि चित्र वाया जायचं. कालोने ल्यूट नावाचं तंतुवाद्य बनवणारे कारागीर वापरायचे तसलं कडक व्हार्निश घेतलं. ते हलत नाही, त्यामुळे पत्रा पुन्हा पुन्हा आम्लात घालता येतो. लांबचे डोंगर थोडाच वेळ, मग त्यांच्या रेघा झाकायच्या. पुढची माणसं जास्त वेळ. दूरची रेघ म्हणून केसासारखी, जवळची ठसठशीत. शिवाय त्याचं एक हत्यार होतं, एशॉप, ज्याचं टोक तिरपं कापलेलं असतं. फिरवत ओढलं की रेघ बारीक सुरू होऊन फुगते आणि पुन्हा बारीक होते. मुलीने तसं एक हत्यार मामांच्या हातात दिलं. त्यांनी एक पाठमोरा माणूस काढला, टोपी आणि पायघोळ झग्यासकट. "बोरूचाच भाऊ हा," म्हणाले. अब्राहाम बॉसने १६४५मध्ये एचिंगवर पुस्तक लिहून कालोची ही पद्धत सगळ्यांना खुली केली, पण मामांना ते पुस्तक आता नको होतं. हत्यार सोडवत नव्हतं.

दुपारी पित्ती राजवाडा. मागचं अंगण तीन बाजूंनी ओबडधोबड दगडी खांबांनी वेढलेलं आहे. १५८९मध्ये मेडिची ड्यूक पहिल्या फेर्दिनांदोचं लोरेनच्या क्रिस्तीनशी लग्न झालं तेव्हा या अंगणात पाणी भरून तुर्की किल्ल्यावर जहाजांचा हल्ला केला. आधी इथेच कोरड्यात रथ आणि द्वंद्व, मग पाहुणे जेवायला आत, परत येऊन बघतात तर अंगणाचं तळं. ओराझिओ स्काराबेल्लीच्या चित्रात शिडांची जहाजं दाटलेली दिसतात. जागेवर उभं राहिलं की ती एकमेकांवर आपटली कशी नाहीत हाच प्रश्न पडतो.

१६३७मध्ये याच अंगणात 'ले नोत्से देल्यी देई', म्हणजे देवांची लग्नं, झालं. चित्रं स्तेफानो देल्ला बेल्लाची. हा फ्लॉरेन्सचाच, १६१०चा जन्म. कालोची चित्रं गिरवत शिकला. पण त्याचा हात हलका. कालोची रेघ टाचणीसारखी, याची धुक्यात विरणारी. ढगांवरचे देव काढावेत तर याने.

बोबोली बागेतलं दगडी प्रेक्षागृह लगेच मागे आहे. मधला इजिप्शियन स्तंभ अठराव्या शतकाच्या अखेरीस आणलेला, तो मनातून काढून टाकायचा. १६६१च्या जुलैत इथे रात्री घोड्यांचा नाच झाला. पृथ्वीचा गोल पाठीवर घेतलेला अजस्र अ‍ॅटलास आत आणला आणि हर्क्युलिसच्या वेषात नवरामुलगा आला. हा कोसिमो तिसरा. नवरी फ्रान्सच्या राजाची चुलतबहीण, मार्गरीत लुईझ, सोळा वर्षंही पूर्ण नव्हती. देल्ला बेल्लाच्या एका पानावर घोड्यांच्या रचनांचे नकाशे आहेत, एखाद्या कवायतीच्या पुस्तकासारखे. सगळं कसं जुळलेलं! जोडपं मात्र कधीच जुळलं नाही. १६७५मध्ये ती कायमची फ्रान्सला निघून गेली.

या कोसिमोला आपण ओळखतो, निदान त्याच्या खर्चाला. जुन्या गोव्यात बॉम जेझूस चर्चमध्ये संत फ्रान्सिस झेवियरची चांदीची पेटी ज्या रंगीत दगडांच्या उंच चौथऱ्यावर आहे, तो यानेच दिला. फ्लॉरेन्सच्या फोज्जिनी या शिल्पकाराने घडवला, सुटे भाग जहाजाने गोव्याला गेले आणि १६९८मध्ये तिथे जोडले. लहानपणी शाळेच्या सहलीत मी त्या चौथऱ्यापुढे रांगेत उभी होते. बागेतल्या पायऱ्यांवर बसून मामांना हे सांगितलं. ते म्हणाले, "म्हातारपणी लई धार्मिक झाला असणार." झालाच होता.

शनिवार

उत्सवांना सुट्टी. कोल्हापूरच्या माणसाने फ्लॉरेन्सला यावं आणि कास्चिने बागेच्या टोकाला जाऊ नये हे शक्य नव्हतं. बाग नदीकाठाने लांबच लांब आहे. मुन्योने ओढा आर्नोला मिळतो तिथे छत्रपती राजाराम महाराजांची छत्री आहे. इंग्लंडहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी ते इथे वारले, वय अवघं वीस. शहराने खास परवानगी दिली आणि या संगमावर दहन झालं. १८७४मध्ये छत्री उभी राहिली. आराखडा मेजर मँटचा, आतला पुतळा फुलरचा. जवळच्या आधुनिक पुलाला लोक अजून 'इंडियानो', म्हणजे भारतीय, म्हणतात.

मामांनी चपला काढल्या. परतीच्या वाटेवर ते फारसं बोलले नाहीत, आणि मीही फाइल उघडली नाही.

रविवार

सेंट ल्यूकची जत्रा ऑक्टोबरच्या मध्याला, फ्लॉरेन्सच्या दक्षिणेला टेकड्यांवरच्या इम्प्रुनेता गावात. बस वळणं घेत चढते, दोन्ही अंगांना ऑलिव्ह. गाव भाजक्या मातीच्या कामासाठी नावाजलेलं, त्यामुळे दारोदारी लाल कुंड्या. चौकात मेरीमातेच्या जुन्या प्रतिमेचं चर्च आहे. दुसऱ्या महायुद्धात त्यावर बॉम्ब पडले, नंतर ते दुरुस्त केलं.

कालोने या जत्रेचं जे एचिंग केलं ते १६२०चं आणि आकाराने मोठं, साधारण दोन फुटांहून जास्त रुंद. त्यात हजाराहून अधिक माणसं आहेत. हा दरबारी उत्सव नव्हे, पण चित्र अर्पण केलंय दुसऱ्या कोसिमोलाच. पारिजीच्या नेपथ्यावर तयार झालेला हात इथेही दिसतो. चर्च मागे पडद्यासारखं, चौक म्हणजे रंगमंच, दोन्ही कडांना झाडं आणि घरं पाखांसारखी. फरक एवढाच की सोंगं नाहीत. बाजार आहे: भांडी, गाढवं, घोडे, कुत्री, भिकारी, साप दाखवणारा वैदू. एका बाजूला एका माणसाचे हात मागे बांधून त्याला दोरीने वर ओढलंय. शिक्षा चाललीय आणि शेजारी सौदा चालू आहे.

आजच्या जत्रेत घोडे होते, खाण्याच्या गाड्या होत्या, भाजलेल्या डुकराचा वास होता, फुगे होते. चौक, अर्थातच, चित्रापेक्षा लहान. मामांनी ते म्हटलंही नाही. चर्चच्या ओवरीत उभे राहून ते बराच वेळ गर्दी न्याहाळत होते. मग त्यांनी चित्रातली माणसं खऱ्या माणसांत शोधायला सुरुवात केली. पोराला खांद्यावर घेतलेला बाप सापडला. गाढव नाही सापडलं.

फेब्रुवारी १६२१मध्ये कोसिमो वारला, वय तीस. दरबाराचा हात आखडला, कालोची नेमणूक संपली आणि तो नान्सीला परतला. 'इम्प्रुनेता'चा पत्रा फ्लॉरेन्समध्येच राहिला. पण चित्राला मागणी होती, म्हणून त्याने नान्सीत ते सगळं, माणूस न माणूस, दुसऱ्या पत्र्यावर पुन्हा कोरलं. लोरेनच्या दरबारानेही त्याच्याकडून उत्सव काढून घेतला. १६२७च्या फेब्रुवारीतल्या तिथल्या द्वंद्वखेळाची चित्रं त्याचीच. १६३३मध्ये मात्र त्याने युद्धाच्या हालअपेष्टा काढल्या. त्यातलं मोठं झाड आणि त्याला लटकलेली माणसं पुष्कळांनी पाहिलेली असतात. तिथेही पुढच्या कडेला पाहणारे आहेतच.

बसमध्ये मी मामांना दोन पत्र्यांची गोष्ट सांगितली, आणि खालच्या मजकुरात नान्सीचं नाव असेल तर तो दुसरा, हेही. शहरातल्या एका दुकानातून त्यांनी 'इम्प्रुनेता'ची जुन्या छापावरून काढलेली प्रत घेतली होती, शाळेला भेट द्यायला. त्यांनी गुंडाळी सोडली, अर्धी माझ्या मांडीवर, अर्धी शेजारच्या आजींच्या, आणि भिंग खालच्या कडेवर नेलं. बस वळणावर कलली, आजींनी न सांगता कागद दाबून धरला.

"नान्सी," मामा म्हणाले. "दुसरा हाय."